पेटीच्या पोटातील वाटणी

स्पीकर एकाएकी मुका झाला तर घरात सर्वांच्या लक्षात येते. तो हळूहळू मंदावत गेला तर वर्षानुवर्षे कोणाच्याच लक्षात येत नाही. आधी टाळांची किणकिण फिकी पडते, मग तबल्याच्या चाटेवरचा 'ना' बोथट होतो, तंबोऱ्याची जवारी नाहीशी होऊन नुसती गुणगुण उरते आणि गायकाच्या 'स' व 'श' यांतील भेद पुसट होतो. रेकॉर्डिंगच जुने आहे, अशी घरच्यांची समजूत होते. पुढे कधीतरी बाहेरचा माणूस येऊन बसतो आणि सहज विचारतो, "या उजव्या पेटीतून फक्त घुमल्यासारखे का येते?" तेव्हा कुठे कान टवकारतात.

१९८० आणि १९९० च्या दशकांत सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स यांसारख्या नावांच्या लाकडी पेट्या अनेक मराठी घरांच्या दिवाणखान्यांत आल्या. त्यांतील पुष्कळ आजही आहेत. कुठे फुलदाणीखाली, कुठे माळ्यावर. बिघाड झाला की त्यांना भंगाराची वाट दाखवली जाते. पेटी, शंकू, चुंबक सर्व धडधाकट असते. मात्र आतील तळहाताएवढ्या पट्टीवरचे दोन-तीन सुटे भाग निकामी झालेले असतात. या पट्टीला क्रॉसओव्हर म्हणतात.

मनुष्याच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. एवढा मोठा पल्ला एकाच शंकूला नीट पेलत नाही. खर्जासाठी मोठा, सहा-आठ इंची वूफर लागतो; तारस्वरासाठी जेमतेम इंचभर घुमटाचा ट्वीटर. ॲम्प्लिफायरकडून मात्र सर्व स्वर एकाच जोडतारेतून एकत्र येतात. त्यांची वाटणी क्रॉसओव्हर करतो. त्यातील तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, खालच्या स्वरांना वाट देते आणि वरच्यांना अडवते. कपॅसिटर नेमके याच्या उलट वागतो. रेझिस्टर ट्वीटरचा आवाज वूफरच्या मानाने जितका हवा तितका खाली आणतो. दोन शंकूंच्या पेटीत ही सीमारेषा बहुधा २,००० ते ३,५०० हर्ट्झच्या दरम्यान कोठेतरी आखलेली असते.

ही वाटणी केवळ सोयीची नाही. ट्वीटरच्या आतील तार केसासारखी बारीक असते. तिच्यात खर्जाची ताकद शिरली तर ती जळते, आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा तोच ट्वीटर पुन्हा मिळणे फार अवघड असते. कपॅसिटर हा त्या तारेचा राखणदार आहे. म्हणूनच "कपॅसिटर गेला होता, डायरेक्ट जोडून दिला" असे सांगणाऱ्या कारागिराच्या हाती पुन्हा पेटी देऊ नये. त्या दिवशी आवाज स्वच्छ आणि खणखणीत येतो, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देते, आणि पहिल्याच मोठ्या समारंभात ट्वीटर कायमचा जातो.

पेटी उघडण्यापूर्वी दोष पेटीतच आहे याची खात्री करावी. ॲम्प्लिफायर बंद करून डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी व पुन्हा ऐकावे. दोष दुसऱ्या पेटीत गेला तर तो ॲम्प्लिफायरचा किंवा तारेचा. त्याच पेटीत राहिला तर पेटीचा. एवढी साधी परीक्षा न करता दुरुस्तीला गेलेल्या पेट्यांची संख्या थोडी नसावी. काही स्पीकरांच्या पाठीमागे दोनऐवजी चार खुंट्या असतात व त्यांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या असतात. घर बदलताना किंवा रंगकामात त्यांतील एखादी पट्टी हरवली की वूफर अथवा ट्वीटर संपूर्ण बंद पडतो. अशा वेळी तारेचा एक तुकडा जोडला की दुरुस्ती संपली.

येथे एक इशारा आवश्यक आहे. हे सारे विवेचन वेगळ्या ॲम्प्लिफायरवर चालणाऱ्या साध्या पेट्यांविषयी आहे. ज्या स्पीकरची पिन थेट भिंतीतील सॉकेटमध्ये जाते, त्यात २३० व्होल्टचा पुरवठा असतो आणि वीज बंद केल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरांत काही काळ भार राहतो. होम थिएटरचा सबवूफर किंवा साउंडबार घरी उघडू नये.

साध्या पेटीत जिवाला धोका नाही, वस्तूला आहे. क्रॉसओव्हर बहुधा पाठीमागील खुंट्यांच्या तबकडीमागे असतो किंवा वूफर काढल्यावर त्या भोकातून हाती लागतो. वूफरचे स्क्रू काढताना चुंबक पेचकस खेचून घेतो आणि त्याचे टोक कागदी शंकूत सहज घुसते. म्हणून दुसऱ्या हाताची ओंजळ शंकूवर धरावी. तार सोडवण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. कोणत्या रंगाची तार कोठे होती, हे स्मरणावर सोपवू नये. व्यवहारात तोंडी हिशेब ठेवू नये हे ज्या घरात मुलांना लहानपणीच शिकवले जाते, तेथे याचे कारण सांगायला नको. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही पेट्या एकाच वेळी उघडून ठेवू नयेत. कंपनीने छापलेला नकाशा हाती येण्याची शक्यता कमी असली, तरी जोडीतील चांगली पेटी हाच नकाशा आहे. जळालेल्या रेझिस्टरवरचा आकडा वाचता येत नसला तर तो दुसऱ्या पेटीत वाचता येतो. जोडीचा हा लाभ रेडिओला किंवा पंख्याला नाही.

आता साधा डिजिटल मल्टीमीटर घ्यावा. वूफर व ट्वीटर यांच्या तारा सुट्या करून त्यांचा रोध मोजावा. आठ ओहमच्या स्पीकरचा रोध मीटरवर साधारण साडेपाच ते सात ओहम दिसतो, चार ओहमच्या स्पीकरचा तीन ते साडेतीन. मीटरने काहीच दाखवले नाही तर आतली तार तुटलेली किंवा जळालेली आहे, आणि मग हा आजार क्रॉसओव्हरपुरता राहिला नाही. ट्वीटरला मीटरच्या सळया लावताना बारीकसा 'खट्' असा आवाज आला तर तो जिवंत आहे असे समजावे. पेटीच्या पाठीमागील खुंट्यांवर मीटर लावून "सहा ओहम दाखवतोय, म्हणजे सर्व ठीक आहे" असा निष्कर्ष काढणे ही नेहमीची फसगत आहे. मीटरचा सरळ प्रवाह कपॅसिटरमधून जात नाही. त्यामुळे खुंट्यांवर दिसणारा आकडा केवळ वूफरचा असतो. ट्वीटर जळालेला असला तरी तो आकडा तसाच दिसेल.

दोन्ही शंकू शाबूत निघाले की पट्टीकडे वळावे. पहिली तपासणी डोळ्यांनी आणि नाकाने. काळवंडलेला ठिपका, तडकलेला रेझिस्टर, फुगलेला कपॅसिटर, हिरवट चढलेले तांबे, करपल्याचा वास. फरशी पुसताना किंवा धुताना पाणी उभ्या पेटीच्या बुडातून आत शिरते, आणि क्रॉसओव्हर पुष्कळदा तळाशीच बसवलेला असतो. कोकणपट्टीतील व मुंबईतील दमट हवेत डाखांवर गंज चढतो. वूफरच्या कंपनाने जड कॉइलचा पाय डाखातून हलका सुटतो. वरून जोड अखंड दिसतो, पण भोवती केसाएवढी गोल भेग असते. असा जोड आवाज वाढवला की बोलतो, कमी केला की गप्प होतो. पुन्हा डाख दिला की पुरते. मात्र डाख रोझिनच्या फ्लक्सने द्यावा. आम्लाचा फ्लक्स तांब्याला पुढे खात राहतो. सराफी पेढीवर वाढलेल्यांना डाखाची पारख निराळी सांगावी लागत नाही: चमकदार आणि पसरलेला डाख पक्का, गोळा होऊन बसलेला कच्चा.

डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि तरीही आवाज मंद आहे, अशा वेळी संशय कपॅसिटरवर घ्यावा. जुन्या पेट्यांत बहुधा इलेक्ट्रोलिटिक जातीचे कपॅसिटर असतात. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या घड्यांत द्रवाने भिजवलेला कागद, अशी त्यांची रचना. वर्षे आणि उष्णता यांनी तो द्रव सुकतो. मग कपॅसिटरचे मूल्य घटते आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो. बाहेरून तो जसाच्या तसा दिसतो.

यात किती बिघडते हे आकड्यांनी पाहावे. आठ ओहमच्या ट्वीटरपुढे ६.८ मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर असेल तर सीमारेषा सुमारे २,९०० हर्ट्झवर येते. तो सुकून ४.७ वर आला तर ती ४,२०० पर्यंत सरकते. वूफर आपल्या हद्दीत थांबलेला, ट्वीटर मात्र पुढे गेलेला. मधला पट्टा कोणाच्याच वाट्याला नीट येत नाही. व्यंजनांची स्पष्टता आणि तबल्याच्या बोलांची धार यांचा बराच भाग याच पट्ट्यात असतो. उलट, ६.८ मिळाला नाही म्हणून दुकानदाराने १० मायक्रोफॅरडचा दिला तर सीमारेषा २,००० वर उतरते आणि ट्वीटरवर त्याने कधी न वाहिलेले ओझे येते. प्रत्यक्षात ट्वीटरचा रोध प्रत्येक स्वराला थोडा बदलतो, म्हणून हे आकडे अदमासाचे मानावेत. दिशा मात्र निश्चित आहे. मूल्य अचूक मिळत नसेल तर दोन कपॅसिटर समांतर जोडावेत, त्यांची बेरीज होते. ४.७ आणि २.२ मिळून ६.९ होतात, आणि ६.८ च्या जागी ते खुशाल चालतात.

मोजणी करताना कपॅसिटरचा एक पाय डाखातून मोकळा करावा. पट्टीवर जोडलेला असताना घेतलेले माप शेजारच्या भागांमुळे खोटे येते.

खरेदी करताना जातीकडे लक्ष द्यावे. स्पीकरमधील प्रवाह क्षणोक्षणी दिशा बदलतो. म्हणून येथे ध्रुव नसलेला कपॅसिटर लागतो. त्यावर 'एन.पी.' किंवा 'बी.पी.' ही अक्षरे असतात. नेहमीचा, एका बाजूला उणे चिन्हाची पट्टी असलेला कपॅसिटर लावला तर तो तापतो, फुगतो, कधी फुटतोही. व्होल्टचा आकडा मूळच्यापेक्षा कमी नसावा. १०० वॅटची ताकद आठ ओहममध्ये जाताना व्होल्टेजचे शिखर ४० पर्यंत पोहोचते, तेव्हा ५० व्होल्टचा कपॅसिटर अगदी काठावर चालतो. १०० व्होल्टचा निर्धास्त. पॉलिप्रॉपिलीनचे फिल्म कपॅसिटर महाग आणि आकाराने मोठे, पण त्यांत सुकण्यासारखे काही नसते. ट्वीटरच्या वाटेवर ते घालणे शहाणपणाचे; वूफरच्या बाजूच्या मोठ्या मूल्याला एन.पी. इलेक्ट्रोलिटिक पुरतो. फिल्म घातल्यावर काहींना आवाज किंचित तीक्ष्ण वाटतो, आणि तो भास नसतो. जुन्या कपॅसिटरचा थोडा अंतर्गत रोध मूळ रचनाकाराने हिशेबात धरलेला असू शकतो. तसे वाटल्यास अर्ध्या ओहमच्या आसपासचा छोटा रेझिस्टर मालिकेत जोडतात. कपॅसिटर बदलायचे तर दोन्ही पेट्यांतील बदलावेत. एक तरुण आणि एक वृद्ध अशी जोडी ठेवली तर गायक मध्यभागी न बसता एका बाजूला सरकतो.

रेझिस्टरचे प्रकरण थोडक्यात आटोपते. पांढऱ्या चिनीमातीच्या चौकोनी कांड्या, पाच किंवा दहा वॅटच्या. त्यांवर '४ आर ७' असे छापलेले असेल तर ते ४.७ ओहम, 'आर' हे अक्षर दशांशचिन्हाच्या जागी असते. जळालेल्याच्या जागी तेवढ्याच ओहमचा आणि तेवढ्याच किंवा अधिक वॅटचा घालावा, व तो पट्टीपासून थोडा उचलून बसवावा, म्हणजे खालची पट्टी करपत नाही.

कॉइल सहसा बिघडत नाही. बिघडली तर तारेवरचा मुलामा जळून वेढे एकमेकांना चिकटतात. मूळच्याच जाडीच्या तारेने, तितकेच वेढे मोजून, त्याच साच्यावर ती पुन्हा गुंडाळता येते. मोटर वाइंडिंग करणारा जुना कारागीर हे काम सफाईने करतो. दोन कॉइल एकमेकींना काटकोनात बसवलेल्या दिसल्या तर ती रचना सोयीसाठी किंवा शोभेसाठी नव्हे, एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरू नये म्हणून असते. ती तशीच ठेवावी. पोकळ कॉइलच्या मधोमध लोखंडी स्क्रू पिळू नये, त्याने तिचे मूल्य बदलते. पितळी स्क्रू किंवा प्लास्टिकची पट्टी वापरावी.

या टप्प्यावर बरेच कारागीर एक सोपा उपाय सुचवतात: जुनी पट्टी काढून टाकावी आणि बाजारातील तयार 'टू-वे' क्रॉसओव्हर बसवावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास असल्या पट्ट्या सहज मिळतात. वेळ वाचतो, कारागिराला डोके चालवावे लागत नाही. पण चांगल्या पेटीसाठी हा उपाय नाकारावा. क्रॉसओव्हर ही केवळ चाळणी नसते. अमुक एका वूफरचा आणि अमुक एका ट्वीटरचा स्वभाव पाहून ती बेतलेली असते.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रिटनच्या बी.बी.सी.ने १९७० च्या दशकात फिरत्या ध्वनिमुद्रण गाड्यांसाठी बनवलेला एल.एस. ३/५ए हा लहानसा स्पीकर. त्यात के.ई.एफ. कंपनीचे दोनच शंकू होते, बी-११० आणि टी-२७. पण क्रॉसओव्हर मात्र चांगलाच गुंतागुंतीचा होता. वूफरच्या स्वरातील उंचवटे दाबणारे भाग त्यात होते आणि ट्वीटरची पातळी जुळवण्यासाठी अनेक टोके काढलेले वेटोळे होते, म्हणजे प्रत्येक ट्वीटरच्या गुणाप्रमाणे योग्य ते टोक निवडता येई. पुढे १९८० च्या दशकात वूफरचा स्वभाव बदलत गेल्याचे आढळले तेव्हा क्रॉसओव्हर नव्याने रचावा लागला आणि स्पीकरचा रोध १५ ओहमवरून ११ ओहमवर आला. तज्ज्ञ अभियंत्यांना एका शंकूतील फरकासाठी सर्व मांडणी पुन्हा करावी लागते, तेथे बाजारातील सरसकट पट्टी कोणत्याही पेटीला शोभेल ही अपेक्षा कशी धरावी?

आणखी एक बारकावा कारागिराला आधीच सांगून ठेवावा. पुष्कळ पेट्यांत ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलट जोडलेल्या असतात, अधिक खुंटीला उणे. दोन पायऱ्यांच्या क्रॉसओव्हरमध्ये सीमारेषेवर वूफर व ट्वीटर एकमेकांविरुद्ध हलू लागतात; ते एकत्र हलावेत म्हणून हा उलटा जोड. उत्साही माणूस ही 'चूक' सुधारतो, आणि मग सारे भाग नवे असूनही गाण्याच्या मधोमध खड्डा पडतो. छायाचित्राचा खरा उपयोग येथे होतो.

क्रॉसओव्हर जळतो कशाने? मोठ्या ॲम्प्लिफायरने, असा सार्वत्रिक समज आहे. व्यवहारात लहान ॲम्प्लिफायर अधिक घात करतो. २० वॅटच्या यंत्राचे बटण लग्नघरात शेवटपर्यंत फिरवले की ते आपली मर्यादा ओलांडते. ध्वनिलहरीचे गोल माथे कापले जाऊन सपाट होतात. पूर्णपणे चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट ताकद वाहते, शिवाय तिच्यात वरच्या स्वरांचा कृत्रिम भरणा होतो. क्रॉसओव्हर आपले काम इमानाने करतो आणि तो सारा भरणा ट्वीटरकडे पाठवतो. रेझिस्टर तापतात, मग ट्वीटरची तार. काही कंपन्या या वाटेवर छोटा दिवा किंवा आपोआप तुटून थंड झाल्यावर पुन्हा जुळणारा संरक्षक भाग बसवतात. त्यामुळे ट्वीटर मध्येच गप्प होऊन पाच-दहा मिनिटांनी परत बोलू लागला तर तो बिघाड नसून इशारा असतो. आवाज फाटू लागला की बटण मागे घ्यावे, हे पाहुण्यांसमोर जरा अवघड जाते खरे.

खर्चाचा विचार करता, भागांची किंमत अगदी अल्प असते. मोल असते ते कारागिराच्या वेळेचे. म्हणून काम देताना "रिपेअर करा" एवढेच न म्हणता कोणता भाग, कोणत्या मूल्याचा, कोणत्या जातीचा, हे कागदावर लिहून द्यावे आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही. ट्वीटर जळालेला असेल, त्याचे जुळे कोठेही मिळत नसेल आणि पेटीचे लाकूडही पाण्याने फुगले असेल, तर मात्र खर्च थांबवावा. त्यातील चांगला वूफर जपून ठेवावा, कोणाच्या तरी जोडीला तो उपयोगी पडतो.

सर्व जोडून झाल्यावर वूफर घट्ट बसवण्यापूर्वी एकदा मंद आवाजात ऐकावे. दोन्ही पेट्या शेजारी ठेवाव्यात आणि तंबोऱ्याची एखादी संथ ध्वनिफीत लावावी. बॅलन्सचे बटण एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवावे. दोन्हीकडे जवारी सारखीच झणझणत असेल तर स्क्रू आवळावेत, समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे. एकच बाजू आधी आवळली तर वूफरची चौकट वाकते. नंतर मूल्यांची चिठ्ठी आणि तारीख पेटीच्या पाठीवर चिकटवून ठेवावी.